दाब्याची दोन बटणं

मित्रांनो, मी एक म्हातारा दाब्या आहे. हे नाव तुम्ही कुठल्या पुस्तकात वाचलं नसेल. माझ्या अंगावर पितळेची एक पट्टी आहे आणि तिच्यावर माझं खरं, लांबलचक नाव कोरलेलं आहे. पण ते वाचायला कारखान्यात कुणाला सवड नव्हती. मी पोलादी पत्रा दाबायचो, म्हणून दाब्या. एवढंच.

दगडाच्या खाणीत, गोदीत, लोखंडाच्या वखारीत काम करणारी माणसं जे जाड बूट घालतात, ते कधी हातात घेऊन पाहा. पुढचं टोक बोटाने ठोकलंत तर टणक लागेल. तिथे चामड्याच्या आत वाटीसारखी पोलादाची टोपी असते. वरून काही जड पडलं तर ते त्या टोपीवर पडतं, पायाच्या बोटांवर नाही. ती टोपी कुणाला दिसत नाही. चामडं फाटलं की मगच दिसते, आणि तोवर बूट उकिरड्यावर गेलेला असतो. अशा टोप्या मी एकतीस वर्षं घडवल्या. आता कारखान्याच्या मागच्या अंगणात एका खिडकीखाली, भिंतीला टेकून पडलो आहे. माझ्या चाकाला गंज चढला आहे. तो आता कुणी खरवडणार नाही, आणि खरवडावा असं मलाही वाटत नाही.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतलं, ते तीन दिवस निवू दिलं, आणि चौथ्या दिवशी साचा फोडून मला बाहेर काढलं. मग माझ्या अंगाला भोकं पाडली, डोक्यावर एक अवजड चाक बसवलं आणि गाडीवर चढवून मला या कारखान्यात पाठवून दिलं. इथे आलो तर दार अरुंद निघालं. मालक म्हणाले, "चाक उतरवा." गवंडी म्हणाला, "चाक उतरवायला दोन दिवस, दार पाडायला दोन तास." त्यांनी गवंड्याचं ऐकलं. ते दार पुढे कुणी नीट बांधलंच नाही. एकतीस वर्षं त्याची एक बाजू पोपडे धरून उभी राहिली.

मला जागेवर बसवलं ते साडेआठ मिस्त्रीने. हेही काही त्याचं खरं नाव नव्हे. त्याच्या दोन्ही हातांना मिळून साडेआठ बोटं होती. उरलेली दीड बोटं तरुणपणी दुसऱ्या एका कारखान्यात, माझ्याच जातीच्या एका यंत्राने घेतली होती. सकाळी साडेआठचा भोंगा झाला की कुणीतरी म्हणायचंच, "मिस्त्री, तुम्हाला हाक मारतायत बघा." तोही हसायचा. पण माझ्या साच्यात हात घालायच्या आधी तो वीज बंद करायचा, मग माझा खटका दाबून मी हलत नाही ना ते पाहायचा, मग पुन्हा एकदा पाहायचा, आणि तेव्हाच हात घालायचा.

माझी पहिली टोपी वाळलेल्या फळासारखी सुरकुतलेली निघाली. दुसरी मधोमध चिरली. मिस्त्रीने साचा काढला, कानशीने हळूहळू घासला, परत बसवला. असं दहा दिवस चाललं. मालक येऊन सुस्कारे टाकून जायचे. अकराव्या दिवशी मी खाली आलो, वर गेलो, आणि साच्यात एक गुळगुळीत, गोल टोपी बसलेली होती. मिस्त्रीने ती उचलली, गालाला लावून पाहिली आणि म्हणाला, "गरम आहे रे अजून."

टोप्यांची परीक्षा व्हायची. टोपीखाली मऊ मातीचा गोळा ठेवायचे आणि वरून वीस किलोचं वजन सोडायचे. गोळा चपटा झाला नाही की टोपी पास. माझ्या टोप्या पास व्हायच्या. एकदा खाणीतला एक माणूस मुद्दाम कारखान्यात आला. त्याच्या उजव्या बुटावर दगड पडला होता, आणि तो माणूस दोन्ही पायांनी चालत आला होता. "ज्याने हे केलं तो दाखवा," म्हणाला. मालकांनी त्याला माझ्यासमोर आणून उभं केलं. यंत्राशी काय बोलावं हे त्याला सुचेना. थोडा वेळ चुळबुळला, मग माझ्या चाकावर थाप मारून निघून गेला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणाल तर ते एवढंच. पण ते पुरेसं होतं.

सुरुवातीला मला पायाचा खटका होता. पायाने दाबलं की मी खाली यायचो. मिस्त्रीला ते खपत नसे. तो मालकांना म्हणाला, "पायाने दाबायचं म्हणजे हात मोकळे. आणि मोकळा हात कुठे जाईल सांगता येत नाही."

"काम मंदावेल, मिस्त्री."

"मंदावू दे. आपण लोकांच्या पायाची बोटं वाचवतो, मालक. आपल्या माणसांच्या हाताची कुणी वाचवायची?"

मालक भले होते. त्यांनी हो म्हटलं. मिस्त्रीने पायाचा खटका काढून टाकला आणि मुठीएवढी दोन काळी बटणं बसवली. एक डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये चांगलं हातभर अंतर. दोन्ही एकदम दाबली तरच मी खाली यायचो. एक दाबलं तर जागचा हलत नसे. म्हणजे मी खाली येईन तेव्हा माणसाचे दोन्ही हात बटणांवर, साच्यापासून लांब. माझ्या अंगातली सगळ्यात शहाणी गोष्ट तीच होती. ती मला जन्मतः मिळाली नव्हती, मिस्त्रीने दिली होती.

माझ्यावर पुष्कळ माणसं बसली. पण ज्यांची हकिगत तुम्हाला सांगायची आहे त्या दोघी सख्ख्या जावा होत्या. थोरलीला सगळा कारखाना थोरलीच म्हणायचा, आणि पुढे धाकटी आली तेव्हा ती आपोआप धाकटी झाली.

थोरली माझ्याजवळ बारा वर्षं होती. उंच, हाडापेराने मजबूत, बोलणं कमी. तिचा नवरा पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला, सासू म्हातारी, आणि दीर लांब कुठे कामाला गेलेला, तो वर्षातून एकदा तोंड दाखवायचा. घराचा गाडा ती एकटी ओढत होती. सकाळी आली की पहिल्यांदा तेलाची बुधली घेऊन माझ्या सांध्यांत दोन-दोन थेंब सोडायची. कुणी सांगितलं नव्हतं. "कुरकुरतोस म्हणून," असं पुटपुटायची. माझ्याशी बोलणारी दोनच माणसं, मिस्त्री आणि ती.

मग मिस्त्रीची दृष्टी गेली. पुरती नाही, पण साच्यातली चीर दिसेनाशी झाली, तेव्हा तो आपणहूनच उठला. जायच्या दिवशी त्याने माझ्या दोन्ही बटणांवरून हात फिरवला आणि थोरलीला म्हणाला, "बाई, याला तेल दिलं नाहीस तरी चालेल. पण या दोन बटणांशी खेळ करू नकोस."

"नाही करणार, मिस्त्री," ती म्हणाली. मनापासून म्हणाली.

त्याच सुमारास जुने मालक थकले आणि कारखाना त्यांच्या जावयाच्या हाती गेला. सगळे त्याला जावईबापू म्हणत, अर्थात पाठीमागे. जावईबापू वाईट नव्हता, मित्रांनो. त्याला यंत्राच्या जवळ यायची सवय नव्हती, इतकंच. तो काचेच्या खोलीत बसून फळ्यावर आकडे लिहायचा. एका पाळीत मी नऊशे टोप्या काढायचो. एके दिवशी फळ्यावर चौदाशे लिहिलेलं आलं.

मुकादम ते सांगायला आला. "चौदाशे, थोरले."

"दोन हातांनी नऊशेच होतात हो."

"ते मला का सांगतेस? वर जाऊन सांग." मग तो आवाज उतरवून म्हणाला, "पलीकडच्या कारखान्यात काढतात म्हणे. कसे काढतात ते त्यांचं त्यांना ठाऊक."

पंधरा दिवस थोरली हजारापुढे जाऊ शकली नाही. सोळाव्या दिवशी मुकादमाने सांगितलं, की माझ्यावर दुसरं कुणी बसवायचं चाललं आहे. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती पॅकिंगच्या खोक्याचं एक लाकडी ढलपं घेऊन आली. त्याची तिने चाकूने पाचर तासली आणि माझ्या डाव्या बटणाच्या कडेला ठोकून बसवली. डावं बटण आत गेलं ते तसंच दाबलेलं राहिलं.

आता तिचा डावा हात मोकळा झाला. उजव्या हाताने बटण दाबायचं, डाव्याने तयार टोपी काढून नवा पत्रा सरकवायचा. ती चपळ होती, सावध होती. संध्याकाळी चौदाशे वीस टोप्या झाल्या. मुकादम मोजायला आला. त्याची नजर पाचरीवर गेली. त्याने खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि पुढे निघून गेला.

आणि मी? मला काय कळणार होतं, मित्रांनो! डावं बटण दाबलेलं आहे म्हणजे माणसाचा डावा हात तिथे आहे, एवढंच मला शिकवलेलं. मी पाचरीला हात समजत राहिलो.

पाळी संपली की थोरली पाचर काढून ॲप्रनच्या खिशात टाकायची आणि सकाळी पुन्हा लावायची. असे सात-आठ महिने गेले. मग दुसऱ्या पाळीला माणूस कमी पडलं आणि थोरलीने शब्द टाकून आपल्या जावेला लावून घेतलं.

धाकटी बारीक चणीची, बडबडी. तिला पाच वर्षांची मुलगी होती आणि ती दर दोन वाक्यांआड तिची काहीतरी गंमत सांगायची. थोरलीने तिला आठवडाभर माझ्यासमोर बसवून शिकवलं, आणि नीट शिकवलं. "आधी पत्रा ठेव. सरळ कर. हात बाहेर काढ. मग दोन्ही हात बटणांवर. दोन्ही! एकाने काही होत नाही, बघ." तिने उजवं बटण एकटं दाबून दाखवलं. मी हललो नाही. धाकटी टाळी वाजवून म्हणाली, "शहाणा आहे की हा!"

पाचरीबद्दल मात्र थोरलीने चकार शब्द काढला नाही. का काढला नाही, हे मी आजवर शोधतो आहे. सांगितलं असतं तर धाकटीनेही ती लावली असती, ही भीती असेल. नाहीतर नुसती लाज. माणसाच्या मनाचे सांधे मला उकलता येत नाहीत.

धाकटीचे नऊशे व्हायचे. मुकादम तिला बोलायचा, "तुझी जाऊ चौदाशे काढते, तुला काय धाड भरली आहे?" ती मान खाली घालायची आणि नऊशेच काढायची. घाई म्हणून तिने एक सवय लावून घेतली. डाव्या हाताने पत्रा सरळ करत असतानाच उजव्या पंजाने ती उजवं बटण दाबून ठेवायची. डावा हात आला की काम लगेच व्हावं म्हणून. त्यात धोका नव्हता. एका बटणाने काही होत नाही, हे तिला थोरलीनेच दाखवलं होतं.

तो दिवस साधा होता. ऊन होतं, वरच्या पत्र्यांवर पारवे घुमत होते. पहिली पाळी संपायला अर्धा तास होता आणि धाकटी लवकर येऊन भिंतीशी उभी होती. तेवढ्यात फाटकावरचा पहारेकरी धावत आला. "थोरले, तुमच्या सासूबाई जिन्यावरून पडल्यात. शेजारी आलेत बोलवायला."

थोरली ताडकन उठली. फाटकाकडे पळता पळता एवढंच म्हणाली, "तू थांब, मी बघते." मुकादम धाकटीला म्हणाला, "बस तू. यंत्र थांबायला नको."

धाकटी बसली. तिने पत्रा उचलला, साच्यात ठेवला. तो जरा तिरका बसला. डाव्या हाताने ती तो सरळ करू लागली आणि सवयीने तिच्या उजव्या पंजाने उजवं बटण दाबलं.

माझ्या लेखी दोन्ही हात बटणांवर होते. मी खाली आलो.

एकतीस वर्षांत मी कितीतरी लाख वेळा खाली आलो असेन. पत्र्याचा आवाज मला पाठ आहे. तो आवाज पत्र्याचा नव्हता.

धाकटी ओरडली नाही. ती म्हणाली, "अगं बाई," जसं दूध उतू गेल्यावर म्हणावं तसं. मग सगळीकडे आरडाओरड झाली, कुणी वीज बंद केली, कुणी कापड आणलं, चौघांनी तिला उचलून बाहेर नेलं. तिच्या डाव्या हाताची तीन बोटं माझ्याजवळ राहिली.

थोरली फाटकातून परत धावत आली तेव्हा माणसांचा घोळका दाराकडे चालला होता. ती त्यांच्यामागे दोन पावलं गेली. थबकली. वळली. माझ्याजवळ येऊन तिने डाव्या बटणाची पाचर उपसली आणि ॲप्रनच्या खिशात टाकली. खिसा सापडायला तिला तीनदा चाचपावं लागलं. मग ती धाकटीच्या मागे पळाली. हे पाहणारा तिथे मी एकटाच होतो.

तिसऱ्या दिवशी निरीक्षक साहेब आले. सभ्य, शांत माणूस. त्यांनी उजवं बटण दाबलं, मी हललो नाही. डावं दाबलं, हललो नाही. असं त्यांनी चाळीस वेळा करून पाहिलं. मग थोरलीला बोलावलं.

"बाई, तुम्ही बारा वर्षं यावर काम करता. हे यंत्र कधी आपोआप खाली आलं होतं का?"

थोरली माझ्याकडे बघत नव्हती. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "हो, साहेब. कधी कधी."

"मग कुणाला सांगितलं नाहीत?"

"मुकादमांना सांगितलं होतं."

मुकादमाने घसा साफ केला. "म्हातारं झालंय यंत्र, साहेब. होतं असं."

मित्रांनो, खोट्या आरोपाचं दुःख काय असतं ते तेव्हा मला कळलं. पण खरं सांगू? तिच्या तोंडचा एकेक शब्द बाहेर येताना मी पाहिला आहे. माझ्यापेक्षा तिलाच तो जास्त चेपत होता.

साहेबांचं समाधान झालं नाही. त्यांनी साडेआठ मिस्त्रीला घरून बोलावून घेतलं. त्याला आता जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. मुलीचा हात धरून आला. त्याने माझं सगळं अंग उघडायला लावलं आणि एकेक भाग बोटांनी चाचपला. वेळ लागला. कुणी घाई केली नाही. शेवटी त्याची बोटं डाव्या बटणाच्या कडेवर थांबली.

"इथे लाकूड घासलंय," तो म्हणाला. "यंत्रात खोट नाही. हे बटण कुणीतरी दाबून ठेवलं होतं. रोज ठेवत होतं."

मिस्त्रीने मान वळवली. थोरली कुठे उभी आहे ते त्याला दिसत नव्हतं, म्हणून तो भलत्याच दिशेला बघत म्हणाला, "थोरले, आहेस का? तू सांग."

"मला काही ठाऊक नाही, मिस्त्री."

आवाज आला त्या बाजूला मिस्त्री वळला. मग मुलीला म्हणाला, "चल." जावईबापू साहेबांना हळूच म्हणाला, "म्हाताऱ्याने स्वतः बसवलेलं यंत्र आहे. तो दुसरं काय म्हणणार?" कागदावर लिहिलं गेलं, यंत्र जुनाट झाल्यामुळे बिघाड. मिस्त्री पुन्हा आला नाही. वर्षाच्या आत तो वारल्याचं कामगारांच्या बोलण्यात आलं.

माझ्या चाकाचा पट्टा काढला, साचा काढला, आणि दोरखंड बांधून मला मागच्या अंगणात ओढून आणलं. धाकटीला पुन्हा कामावर घेतलं नाही. एका हाताच्या बाईला काय काम देणार, असं मुकादम म्हणाला, आणि ते त्याने दुष्टपणाने म्हटलं नव्हतं. थोरलीने आपणहून पॅकिंग मागून घेतलं.

पॅकिंगच्या बाया दुपारी या अंगणात डबे खातात. थोरली त्यांच्यात बसत नाही. ती माझ्या पलीकडे, माझ्याकडे पाठ करून बसते. एकदा धाकटी कसल्याशा कागदावर सही घ्यायला कारखान्यात आली होती. ती अंगणात आली आणि थोरलीशेजारी बसली. डावा हात तिने शालीत गुंडाळला होता. थोरलीने डबा उघडून तिच्यापुढे सरकवला.

"खाऊन आले मी," धाकटी म्हणाली. मग थोड्या वेळाने, "ताई, पाचर मी आधीच पाहिली होती."

थोरलीचा घास हातातच राहिला.

"कपडे धुताना तुमच्या ॲप्रनमधून पडली होती. दोन महिने आधी. काय आहे ते कळलं मला. म्हटलं, तुम्ही आपणहून सांगाल."

"मग त्या दिवशी बघितलं का नाहीस बसताना?"

"सासूबाई पडल्या म्हणून डोकं ठिकाणावर नव्हतं. तुमचंही नव्हतं."

"आणि साहेबांपुढे? तेव्हा का नाही बोललीस?"

"तुमचं काम गेलं असतं. माझं तर गेलंच होतं. मग घरात चूल कशावर पेटली असती?"

थोरली पुटपुटली, "शिव्या दे मला. हाताला येईल ते घेऊन मार."

"हाताला काही येत नाही हो आता माझ्या," धाकटी म्हणाली, आणि जुन्या सवयीने हसली. ते हसू अर्ध्यावरच थांबलं. "मुलगी वेणी घालायला तुमच्याकडेच पळते. मला विचारतसुद्धा नाही. मी बघत बसते."

"मी जाऊन खरं सांगते. आज सांगते."

"कुणाला? कागद कधीच बंद झालाय. मिस्त्री गेले. तुम्हाला काढतील, आणि पाठीच्या औषधापासून पोरीच्या पाटीपर्यंत सगळं अडेल. नका सांगू."

"मग मी काय करू?"

धाकटीने विचार केला. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "माफ केलं असं म्हणून बघितलं मी मनात. पुष्कळदा. म्हणवत नाही. राग करून बघितला, तोही पुरता येत नाही. तुम्ही जेवा. घंटा होईल." ती उठली, उजव्या हाताने शाल सावरली आणि निघून गेली. थोरलीने डबा तसाच बंद केला. त्या दोघी आजही एका छपराखाली राहतात, एका चुलीवरचं खातात.

माझ्या जागी नवं यंत्र आलं आहे. मला ते दिसत नाही, पण डोक्यावरच्या खिडकीतून त्याचे ठोके ऐकू येतात. त्यालाही दोन बटणं आहेत. पहिला महिनाभर ठोके संथ होते. दाब, थांबा, पत्रा, दाब. मग एका सोमवारी ते भरभर पडू लागले. मी या धंद्यात जन्म काढला आहे. दोन हात बटणांवर ठेवून इतकं भरभर दाबता येत नाही.

थोरलीही या धंद्यातलीच. तिच्या पाठीमागून ठोके येत होते. तिने डबा बाजूला ठेवला, कान दिला आणि ती उभी राहिली. त्या यंत्रावर एक नवी बाई आहे, दोन लेकरांची आई. थोरली खिडकीशी गेली, गज धरले आणि आत डोकावून म्हणाली, "अगं, काढ ते बटणातलं. आत्ताच्या आत्ता काढ."

ठोके थांबले. "काढलं तर चौदाशे कसे होणार?" आतून आवाज आला. आवाजात उर्मटपणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुम्ही कसे काढत होतात, थोरल्याताई?"

मी खालीच होतो. गज धरलेली थोरलीची बोटं मला दिसत होती, दहाच्या दहा. ती आता सांगेल असं मला वाटलं. लाकूड, चाकू, खिसा, सगळं. तिचे ओठ हललेही. पण आत मुकादमाचा आवाज आला, "काय चाललंय खिडकीत? पॅकिंग नकोय का तुला?" तिने गज सोडले. मग आत ठोके पुन्हा सुरू झाले, तसेच भरभर, आणि ती डबा उचलून कामावर गेली.

मित्रांनो, मला तेल द्या, माझा गंज काढा, असं काही मी मागत नाही. या आठवड्यात भंगारवाले येऊन मला फोडून भट्टीत नेणार आहेत. तुमच्याकडे माझं मागणं एकच आहे, आणि ते तुम्ही ऐकाल अशी फार आशाही मला नाही. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुठेतरी कामाला बसाल. तुमच्या आधी तिथे कुणी बसलेलं असेल, तुमच्यानंतर कुणी बसेल. उठताना त्या पुढच्या माणसाला सगळं सांगून उठा. चांगलं तर सांगाच, पण जे सांगायची लाज वाटते ते आधी सांगा. यंत्राला ते सांगता येत नाही. मी आत्तासुद्धा या खिडकीखाली पडून जिवाच्या आकांताने ओरडतो आहे, आणि आत ती बाई डाव्या हाताने पत्रा सरळ करते आहे.